सात वर्षं जास्त आहेत, पण कशामुळे?

वकीलसाहेबांना सादर नमस्कार,

माझ्या धाकट्या भावाला २३ दिवसांपूर्वी सत्र न्यायालयाने सात वर्षं सक्तमजुरी आणि वीस हजार रुपये दंड सुनावला. दंड भरला नाही तर आणखी एक वर्ष. प्रकरण २०१७ चं आहे. गाडी लावण्यावरून रस्त्यात भांडण झालं आणि त्याने हातातल्या लोखंडी सळईने समोरच्या माणसाला मारलं. त्यांचा डावा हात मोडला, डोक्यालाही लागलं होतं. पोलिसांनी ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावलं होतं. कोर्टाने त्यातून सोडलं आणि ३२६ (घातक हत्याराने गंभीर दुखापत) खाली दोषी धरलं. भाऊ तेव्हा २१ वर्षांचा होता. सुरुवातीला चार महिने आत होता, मग जामीन झाला. एकही तारीख त्याने चुकवली नाही. मध्यंतरी लग्न झालं, आता तीन वर्षांची मुलगी आहे. याआधी कॉलेजात असताना एका भांडणात त्याचं नाव आलं होतं, पण त्यातून तो निर्दोष सुटला.

त्याच कोर्टात तशाच भांडणात दुसऱ्या एकाला तीनच वर्षं झाली. मग याला सात का? आमचे वकील म्हणतात, दोषी ठरवलं ते सोडून द्या, हायकोर्टात फक्त शिक्षा कमी करा एवढंच मागू. शेजारचे काका म्हणतात, अपील केलंत तर शिक्षा वाढूही शकते, गप्प बसा. निकालाची शेवटची तीन पानं सोबत पाठवते आहे. काय करावं?

– एक बहीण

ताई,

सगळ्यात आधी काकांची भीती बाजूला करू, कारण तिच्यापायी अनेक घरांत मुदत निघून जाते.

आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात कोर्ट शिक्षेचं स्वरूप बदलू शकतं, ती कमी करू शकतं, पण वाढवू शकत नाही. हे कायद्यातच लिहिलेलं आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३८६ होतं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ४२७ आहे. आकडे बदलले, मजकूर जवळपास तोच. हायकोर्टाने स्वतःचा फेरतपासणीचा अधिकार मध्येच वापरून शिक्षा वाढवावी का, यावर बरीच वर्षं वाद होता. जून २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकार, पीडित किंवा फिर्यादी यांच्यापैकी कोणीच आलेलं नसेल, तर आरोपीच्याच अपिलात त्याची शिक्षा वाढवायची नाही. आपला हक्क मागायला आलेला माणूस आला त्याहून वाईट अवस्थेत परत जाऊ नये, असा त्यामागचा विचार आहे. इंग्लंडमध्ये हे उलटं होतं. तिथल्या १९०७ च्या कायद्याने अपील कोर्टाला शिक्षा वाढवायचाही अधिकार दिला होता आणि तो १९६६ मध्ये काढून घेतला गेला. काकांच्या पिढीपर्यंत ती धास्ती तिथूनच झिरपत आली की काय, कोण जाणे.

धोका अजिबात नाही असं मात्र नाही. तो वेगळ्या दाराने येतो. शिक्षा कमी पडली म्हणून सरकार स्वतंत्र अपील करू शकतं. जखमी व्यक्तीला तेवढ्याच कारणासाठी अपील करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण आरोपीला ‘कमी गंभीर गुन्ह्याखाली’ दोषी धरलं, या कारणावर पीडिताला अपील करता येतं, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत नेमकं तेच झालंय: ३०७ गेलं, ३२६ राहिलं. म्हणजे समोरचे हायकोर्टात जाऊ शकतात. पण ते जातील की नाही, हे तुम्ही अपील करता की नाही यावर अवलंबून नाही. तुम्ही गप्प बसलात म्हणून ते बसणार नाहीत. सरकारने शिक्षावाढीचं अपील केलंच, तर भावाला ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा वाढवता येत नाही, आणि त्या वेळी ‘मला निर्दोष सोडा’ असंही त्याला म्हणता येतं.

आता तुमचा खरा प्रश्न. सात वर्षं जास्त आहेत का?

दंडसंहितेच्या कलम ३२६ ला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद आहे. सात हा आकडा त्या चौकटीत बसतो. (नव्या न्याय संहितेत याच गुन्ह्याला किमान एक वर्षाची अट आली आहे. घटना २०१७ ची असल्यामुळे ती भावाला लागू नाही. गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही, हे राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदातच आहे.) आणि ‘चौकटीत बसते’ एवढ्यावरच बहुतेक अपिलं गार पडतात. कारण वकील उभा राहून म्हणतो, ‘शिक्षा फार कडक आहे, साहेब’, आणि न्यायाधीशांच्या मनात येतं, मग? कडक असायला बंदी आहे का?

हायकोर्टाचे न्यायाधीश स्वतःला ‘मी त्या खुर्चीत असतो तर किती दिली असती?’ असा प्रश्न विचारत नाहीत, निदान विचारू नये अशी अपेक्षा असते. शिक्षा किती हे ठरवणं हा खालच्या न्यायाधीशांच्या तारतम्याचा भाग आहे. साक्षीदार त्यांनी पाहिले, आरोपी त्यांच्यासमोर उभा होता. मी पाच दिली असती, त्यांनी सात दिली, तर फक्त मतं वेगळी झाली. त्याला चूक म्हणत नाहीत. वरचं कोर्ट हात घालतं ते सातपर्यंत पोचण्याच्या वाटेत काही चुकलं असेल तर. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तिथे त्यालाच हायकोर्ट म्हणतात, १९३६ मध्ये याची जी मांडणी केली तिच्याइतकी सोपी मला अजून सापडलेली नाही. चुकीचं तत्त्व लावलं का? जे बघायचं नव्हतं ते बघितलं का? जे बघायला हवं होतं ते राहिलं का? वस्तुस्थितीच चुकीची धरली का? आणि यातलं काहीच कागदावर दिसत नसेल, पण आकडा इतका अवाच्या सव्वा असेल की कुठेतरी चुकल्याशिवाय असं होणारच नाही, तर तेही चालतं. आपल्याकडची भाषा वेगळी आहे, पण चांगला वकील शेवटी याच प्रश्नांना हात घालतो.

म्हणून मी तुमची तीन पानं दोनदा वाचली. शेवटचं पान नाही, तिथे फक्त आदेश आहे. त्याच्या आधीचं. बहुतेक घरांत निकाल आला की लोक शेवटचा आकडा बघतात आणि घडी घालून ठेवतात. अपिलासाठी उपयोगाचं असतं ते ‘शिक्षेच्या मुद्द्यावर उभयपक्षी ऐकले’ या वाक्यापासून ‘सबब’ या शब्दापर्यंतचं. तुमच्या निकालात हा मजकूर परिच्छेद ४१ मध्ये आहे आणि तो अवघा अकरा ओळींचा आहे. आरोपीतर्फे दयेची विनंती झाली, सरकारी वकिलांनी जास्तीत जास्त शिक्षा मागितली, आणि पुढे लिहिलंय: ‘आरोपीने जखमीच्या डोक्यावर लोखंडी सळईने प्रहार केला. असे प्रकार समाजात वाढत आहेत. आरोपीविरुद्ध यापूर्वीही गुन्हा दाखल झालेला आहे. त्याने अखेरपर्यंत गुन्हा नाकारला, त्यास पश्चात्ताप झाल्याचे दिसत नाही. सबब तो दयेस पात्र नाही.’

आता एक पान मागे जा, परिच्छेद ३४. तुम्ही पेनाने रेघ मारली आहे तीच जागा. तिथे न्यायाधीश म्हणतात की डोक्यावरची जखम साधी आहे, ती सळईनेच झाली हे सिद्ध झालेलं नाही, पडल्यामुळेही होऊ शकते असं डॉक्टरांनी उलटतपासणीत मान्य केलं. त्याच आधारावर ३०७ मधून सुटका झाली. मग परिच्छेद ४१ मधला डोक्यावरचा प्रहार आला कुठून? जे सिद्ध झालं नाही म्हणून त्याला सोडलं, त्याच गोष्टीची शिक्षा त्याला सात वर्षांत मिसळून दिली. तुमच्या भावाच्या अपिलातला सगळ्यात मजबूत मुद्दा हा आहे, आणि तो दयेचा नाही, चुकीचा आहे. हातावरच्या एका फटक्यासाठी जी शिक्षा योग्य, ती डोक्यावरच्या फटक्यासाठी लिहिली गेली.

‘यापूर्वीही गुन्हा दाखल’ याचंही तसंच. दाखल झाला होता, पण तो निर्दोष सुटला. निर्दोष सुटलेल्या खटल्याची आठवण शिक्षा ठरवताना काढायची नसते. त्या निकालाची प्रमाणित प्रत आजच मागवा. नुसतं तोंडी सांगून चालत नाही, आणि हे मी सोसून शिकलोय. वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत अशाच एका शिक्षेच्या अपिलात मी भरभरून बोलत होतो: अशील घरातला एकटा कमावता, आई अंथरुणाला खिळलेली. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, ‘हे कुठल्या पानावर आहे?’ मी पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदांची बांधलेली प्रत, चाळत राहिलो. कुठल्याच पानावर नव्हतं. खालच्या कोर्टात कोणी एक कागद दिला नव्हता, मीही प्रतिज्ञापत्र केलं नव्हतं. आई खरोखर आजारी होती, मी स्वतः तिला पाहून आलो होतो. पण रेकॉर्डवर ती नव्हतीच. त्या दिवशी मिळाली ती फक्त पुढची तारीख.

पश्चात्तापाच्या वाक्याबद्दल. गुन्हा कबूल करणाऱ्याला थोडी सवलत मिळावी, हे समजण्यासारखं आहे. पण खटला लढवणं हा आरोपीचा हक्क आहे, त्याबद्दल वर्षं वाढवता येत नाहीत. हा मुद्दा घ्या, पण तिसऱ्या क्रमांकावर. ‘असे प्रकार वाढत आहेत’ या वाक्यावर मात्र वेळ घालवू नका. इतरांना जरब बसावी हा शिक्षेचा एक मान्य हेतू आहे, आणि ते वाक्य इतक्या निकालांत असतं की न्यायाधीशांचे डोळे त्यावरून नुसते घसरतात.

मग जे लिहिलंच नाही ते. वय २१. आधीची एकही शिक्षा नाही. जामिनाच्या एवढ्या वर्षांत एकही तारीख चुकवलेली नाही, नवी तक्रार नाही. फटका एकच, तोही भांडणाच्या भरात, घरून ठरवून आलेला नाही. अकरा ओळींत यातलं काहीही नाही. शिक्षेच्या मुद्द्यावर वेगळं ऐकून घ्यायची सक्ती आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणली. ही नुसती औपचारिकता नाही, आरोपीला आपल्या परिस्थितीबद्दल पुरावासुद्धा देता आला पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्ये संता सिंग यांच्या खटल्यात सांगितलं आणि तो खटला त्याच कारणासाठी खाली परत पाठवला. पण लगेच पुढच्या वर्षी, मानवतच्या खून खटल्यात, कोर्ट म्हणालं की अशी त्रुटी राहिली तर दर वेळी परत पाठवायची गरज नाही, वरचं कोर्टही शिक्षेवर ऐकून ती भरून काढू शकतं. तुमच्यासाठी हा दुसरा निकाल जास्त उपयोगाचा, कारण खटला परत खाली जाणं म्हणजे आणखी एक-दोन वर्षं. तेव्हा खाली न दिलेले कागद आता द्या: जन्मतारखेचा पुरावा, नोकरीचा कागद, मुलीचा जन्मदाखला, तारखांना हजर असल्याचा रोजनामा (कोर्टाची दर तारखेची नोंद), आणि काही महिन्यांनी तुरुंगातल्या वर्तनाचा दाखला. सगळं प्रतिज्ञापत्रासोबत.

त्याच कोर्टात दुसऱ्याला तीनच वर्षं झाली, हे तुम्हाला किती टोचतंय ते पत्रातून कळतं. पण यावर फार भिस्त ठेवू नका. आपल्याकडे शिक्षा किती द्यावी याची लेखी मार्गदर्शक तत्त्वं नाहीत. फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवायला नेमलेल्या मलिमथ समितीने २००३ मध्ये ती करा म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर जवळपास दहा वर्षांनी केरळमधल्या विषारी दारूच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्वतःच कबूल केलं की शिक्षा ठरवणं हा आपल्या फौजदारी न्यायव्यवस्थेतला सगळ्यात कमकुवत भाग आहे. माप ठरलेलंच नसेल तर ‘त्याच्यापेक्षा मला जास्त’ असं म्हणायला आधार कुठून आणणार? हा युक्तिवाद खरा चालतो तो एकाच खटल्यातल्या दोन आरोपींमध्ये: भूमिका सारखी, एकाला तीन, दुसऱ्याला सात, आणि कारण कुठेच नाही. वेगळ्या खटल्याचं उदाहरण द्यायचंच असेल तर एखाद-दुसरं, आणि हायकोर्टाचं.

तुमच्या वकिलांचा सल्ला आहे दोषसिद्धी सोडून द्यायचा. इथे माझं मत वेगळं आहे, आणि ते त्यांना दाखवलंत तरी चालेल.

सुनावणी रंगात आली की ‘दोषसिद्धीवर जोर देत नाही, फक्त शिक्षेपुरतंच बोलतो’ असं म्हणणं ही जुनी आणि पुष्कळदा यशस्वी चाल आहे. मीही ती वापरली आहे. पण ती शेवटच्या सुनावणीत, न्यायाधीशांचा कल बघून आणि अशिलाला विचारून खेळायची. अपील दाखल करतानाच तो दरवाजा बंद करण्यात शहाणपणा नाही, आणि तुमच्या प्रकरणात तर मुळीच नाही. याचं कारण कलमात आहे. ३२६ म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत. हात मोडला म्हणजे दुखापत गंभीर, त्यात वाद नाही. पण सळई ‘घातक हत्यार’ ठरते का, हे ती केवढी होती, कशी वापरली, कुठे मारली यावर ठरतं. अमुक वस्तू म्हणजे घातक हत्यार अशी यादी कायद्यात नाही. २००५ मध्ये दगडाने मारल्याच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हाच विचार करून ३२६ चं ३२५, म्हणजे घातक हत्याराविना गंभीर दुखापत, केलं होतं. आणि ३२५ झालं की चित्रच पालटतं. कमाल शिक्षा सात वर्षांवर येते, म्हणजे भावाला दिलेली शिक्षा एकदम ‘कमाल’ ठरते, आणि पहिल्याच गुन्ह्याला कमाल शिक्षा द्यायला न्यायाधीशांना खूप काही लिहावं लागतं. शिवाय जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यात १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा, मार्ग बंद असतो. ३२६ ला तो बंद आहे. ३२५ ला उघडा आहे, आणि तो आदेश अपील कोर्टही देऊ शकतं. मिळेलच असं म्हणत नाही. पण शिक्षेचाच हा रस्ता दोषसिद्धीच्या दारातून जातो, तो आधीच कशाला सोडायचा?

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे जी अनेकांच्या नसते. ३२६ ला जुन्या कायद्यात किमान शिक्षा नाही. किमान शिक्षा असलेल्या गुन्ह्यात कोर्टाचा नाइलाज होतो. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात हायकोर्टाने सहा महिन्यांची शिक्षा भोगलेल्या ११ दिवसांवर आणली होती. कायद्यात किमान सहा महिने होते, म्हणून २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती पुन्हा सहा महिने केली. दया कितीही येवो, तळाच्या खाली जाता येत नाही.

समोरच्या माणसाबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिली आहे. हात मोडला. तो नीट जुळला का, त्यांना काम करता येतं का, काहीच नाही. तुम्हाला दोष देत नाही, घरातला माणूस आत गेला की दुसरं सुचत नाही. पण हायकोर्ट विचारेल. हा गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही, पण दोन्ही बाजूंत समेट झाला असेल तर तो शिक्षा कमी करताना लक्षात घेता येतो. सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये ३२६ च्याच एका प्रकरणात तसं केलं आहे. नुकसानभरपाईचा विचार केलाच पाहिजे, असंही २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या एका अपिलात बजावलं आहे. घराची ऐपत असेल तर वाजवी रक्कम कोर्टात भरायची तयारी वकिलांमार्फत दाखवा. वकिलांमार्फतच. तुम्ही किंवा वहिनी त्यांच्या दारात गेलात तर हेतू चांगला असूनही तो दबाव दिसेल, आणि मग सगळंच उलटं फिरेल.

आता घाईची कामं.

सत्र न्यायालयाच्या निकालावर हायकोर्टात अपिलाला ६० दिवस मिळतात. प्रमाणित प्रत मिळायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत विनामूल्य आणि तत्काळ मिळते. भावाला मिळाली का ते विचारा, कधीकधी ती तुरुंगात त्याच्या पिशवीतच पडून असते. उशीर झाला तर माफ होऊ शकतो, पण तो वेगळा अर्ज आणि वेगळी डोकेदुखी.

अपिलासोबतच शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा म्हणून अर्ज द्या. खरं सांगू? तुमच्यासाठी आज हा अर्ज अपिलाइतकाच महत्त्वाचा आहे. हायकोर्टात अपिलं वर्षानुवर्षं थांबतात. भावाने पाच वर्षं काढल्यावर कोणी सातची चार केली तर त्या निकालाचं करायचं काय? ठरावीक मुदतीची शिक्षा असेल तर स्थगितीचा विचार उदारपणे करावा, नाहीतर अपिलाला अर्थ उरणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये सांगितलं आहे. तिथे शिक्षा दहा वर्षांची होती, तुमची सातची आहे. ३२६ ला जन्मठेपेची तरतूद असल्याने सरकारी वकिलांना आधी म्हणणं मांडायची संधी मिळेल, त्यामुळे पहिल्याच दिवशी आदेश झाला नाही तर घाबरून वकील बदलू नका.

दंड भरून टाका, जमेल तितक्या लवकर. दंडापोटीचं एक वर्ष हे सात वर्षं संपल्यावर वेगळं मोजलं जातं, मुख्य शिक्षेत विरघळत नाही. अपिलात दंड रद्द झाला तर पैसे परत मिळतात. भोगलेलं वर्ष परत मिळत नाही.

आणि आदेशात सुरुवातीच्या चार महिन्यांची वजावट लिहिली आहे का, ते बघा. मला तुमच्या शेवटच्या पानावर ती दिसली नाही. कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा होणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही. राहून गेलं असेल तर वकिलांना सांगून दुरुस्त करून घ्या.

वकिलांची फी हा अडसर असेल तर तुरुंगात असलेल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सहाय्य मिळतं. हायकोर्टाची विधी सेवा समिती वकील देते. भाऊ तुरुंगाच्या अधिकाऱ्यांमार्फतही अपील पाठवू शकतो. ते अपील कमी प्रतीचं नसतं, फक्त त्यात परिच्छेद ३४ आणि ४१ शेजारी ठेवून दाखवणारं कोणीतरी लागतं.

शिक्षा किती कमी होईल असं तुम्ही विचारलं नाहीत, ते बरं केलंत. आकडा मी सांगणार नाही. पण डोक्यावरच्या प्रहाराचं ते वाक्य बघितल्यावर एवढं म्हणतो की हे अपील करण्यासारखं आहे, आणि ते दयेच्या अर्जासारखं लिहू नये.

पत्र छापून यायला अजून दोन आठवडे लागतील आणि तुमच्या ६० दिवसांतले २३ आधीच गेलेत. म्हणून हे उत्तर तुम्हाला आजच टपालाने पाठवतो आहे. परिच्छेद ४१ वर मी लाल पेनाने खुणा केल्या आहेत, ती पानं वकिलांकडे तशीच न्या.